नेवाशाची माळ जोर्व्याला कशी गेली?

प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते, संगमनेरवरून खाली येते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातली ही नदी तशी लहानच. पण तिच्या काठावरची तीन ठिकाणे इतिहासाच्या अभ्यासकांना चांगली परिचित आहेत : संगमनेर तालुक्यातले जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद आणि प्रवरेच्या काठचे नेवासे. जोर्व्याच्या नावाने तर एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव पडले आहे.

आमच्या शाळेतील नववीच्या चार मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी या तीन ठिकाणांवर एक प्रकल्प केला. तांबड्या भांड्यांवरची काळी नक्षी, तोटीची पात्रे, घरांच्या जमिनी, सारे काही मोठ्या हौसेने लिहिले. त्यात एक वाक्य असे होते की, नेवाशाला एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्या धाग्याचे अवशेषही शिल्लक होते. वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात [२] असा आकडा होता. परीक्षक चिकित्सक होते. त्यांनी शेवटचे पान उलटले, दोन नंबरचा संदर्भ पाहिला आणि विचारले, “मुलांनो, नेवाशाची माळ जोर्व्याला कशी गेली?”

कारण यादीत दोन नंबरला जोर्व्याच्या उत्खननाचा अहवाल होता! मुले गोरीमोरी झाली. त्यांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. त्यांची आधीची यादी अशी होती : १. नाशिक व जोर्वे येथील १९५०-५१ च्या उत्खननाचा सांकलिया व देव यांचा अहवाल, प्रकाशन १९५५. २. नेवाशाच्या १९५४-५६ च्या उत्खननाचा सांकलिया, देव, अन्सारी व एरहार्ट यांचा ग्रंथ, प्रकाशन १९६०. ३. दायमाबादच्या १९७६-७९ च्या उत्खननाचा साळी यांचा अहवाल, प्रकाशन १९८६. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री एकीला वाटले की, नेवाशाविषयी लिहायचे आणि ज्ञानेश्वरीचे नाव नाही हे बरे दिसत नाही. म्हणून तिने यादीच्या अगदी वर ज्ञानेश्वरी घातली. बाकीचे आकडे यादीत एकेक घर खाली सरकले, पण मजकुरातले आकडे होते तिथेच राहिले. नेवाशाचा संदर्भ आता तीन नंबरला गेला होता आणि मजकूर मात्र वाचकाला अजून दोन नंबरकडे पाठवत होता.

ही चूक किरकोळ वाटते, पण तिचा परिणाम पाहा. ज्याला ती माळ खरोखर अभ्यासायची आहे तो भलताच ग्रंथ मागवील, पाने चाळील आणि शेवटी म्हणेल, या मुलांनी मनचे लिहिले आहे. वाक्य खरे असूनही ते खोटे ठरेल.

आता या रोगाचे मूळ कशात आहे ते पाहू. तुमच्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला दोन क्रमांक असतात. एक हजेरीपटावरचा. तो दर वर्षी बदलतो. वर्गात ‘अ’ने सुरू होणाऱ्या आडनावाची नवी मुलगी आली की सगळ्यांचा सरकतो. दुसरा जनरल रजिस्टरमधला. तो तुम्ही शाळेत नाव घातले त्या दिवशी मिळतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच येतो. आता समजा, मुख्याध्यापकांनी ठरवले की सगळ्या कागदपत्रांत फक्त हजेरी क्रमांकच लिहायचा. काय गोंधळ होईल याची कल्पना करा. आमच्या मुलांनी नेमके हेच केले होते. पुस्तकाची ओळख म्हणून त्यांनी त्याचा हजेरी क्रमांक मजकुरात कोरून ठेवला होता.

पुस्तकालाही दोन नावे हवीत. एक कायमचे, फक्त लेखकाच्या आणि यंत्राच्या माहितीसाठी. त्याला आपण ‘किल्ली’ म्हणू. दुसरे वाचकाला छापील पानावर दिसणारे. त्याला ‘बिल्ला’ म्हणू. मजकूर लिहिताना आपण किल्ली लिहायची आणि बिल्ला लावण्याचे काम यंत्रावर सोपवायचे. लाटेक नावाची संगणकीय मुद्रणपद्धती हे काम करते.

लाटेकची जन्मकथा थोडक्यात सांगतो. १९७७ साली अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. छपाईची नवी तंत्रे आली होती, पण गणिताची पाने पूर्वीपेक्षा वाईट दिसत होती. नुथ इतके नाराज झाले की पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीसाठी स्वतःच टेक नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या पहिल्या भागात लाटेक रचले. टेक म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर आणि लाटेक म्हणजे त्याला सोप्या भाषेत हुकूम देणारा मुकादम, असे समजा. संदर्भसूचीसाठी ओरेन पटाशनिक यांनी १९८५ साली बिबटेक हा जोडीदार तयार केला. हे सारे आजही फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते.

लाटेकच्या आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत. प्रत्येक आज्ञेच्या आधी बॅकस्लॅश, म्हणजे डावीकडे झुकलेली तिरपी रेघ, असते हे लक्षात ठेवा.

लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी लिहिताना प्रत्येक ग्रंथापुढे ‘बिबआयटेम’ ही आज्ञा द्यायची आणि महिरपी कंसात किल्ली लिहायची, उदाहरणार्थ रोमन अक्षरांत ‘नेवासा६०’. मजकुरात जिथे संदर्भ द्यायचा तिथे ‘साइट’ ही आज्ञा आणि महिरपी कंसात तीच किल्ली. बस्स. कोणताही आकडा आपण लिहायचा नाही.

मग यंत्राला आकडा कसा कळतो? येथे एक गंमत आहे. लाटेक मजकूर वरून खाली वाचते. ‘साइट’ ही आज्ञा पहिल्या पानावर आहे आणि यादी शेवटच्या पानावर. पहिल्या पानावर असताना यादीत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून पहिल्या फेरीत ते त्या जागी ठसठशीत प्रश्नचिन्ह छापते आणि पुढे जाते. यादीपाशी पोचले की ‘या किल्लीचा हा बिल्ला’ अशी नोंद एका साहाय्यक फाइलमध्ये करून ठेवते. दुसऱ्या फेरीत आधी ती फाइल वाचते आणि मग प्रश्नचिन्हांच्या जागी बिल्ले बसतात. त्यामुळे लाटेक किमान दोनदा चालवावे लागते. नवशिक्यांना वाटते की यंत्र बिघडले. ते बिघडलेले नसते, त्याची एक फेरी राहिलेली असते.

आता ज्ञानेश्वरी यादीच्या वर घाला किंवा खाली. यादीतले आकडे सरकले की मजकुरातलेही आपोआप सरकतात. नेवाशाची माळ नेवाशातच राहते.

पण मुलांचे एवढ्याने समाधान झाले नाही, आणि ते बरेच झाले. त्यांचे म्हणणे असे : “आकडा बरोबर आला तरी तो मुका आहे. [३] वाचून काही कळत नाही. बिल्ल्यावर नाव का नसावे?” अवश्य असावे. ‘बिबआयटेम’ आणि महिरपी कंस यांच्यामध्ये एक चौकटी कंस टाका आणि त्यात हवा तो बिल्ला लिहा : नेवासे ६०. आता मजकुरात [नेवासे ६०] असे छापून येईल. किल्ली बदललेली नाही, म्हणून मजकुरातले एक अक्षरही बदलावे लागत नाही. असा स्वतःचा बिल्ला दिलेल्या ग्रंथासाठी यंत्र क्रमांक खर्च करत नाही हेही ध्यानात घ्या. यादीत पहिला ग्रंथ [ज्ञाने.] असेल आणि बाकीचे तीन बिनबिल्ल्याचे असतील तर त्यांना १, २, ३ असेच आकडे मिळतात.

येथे मुलांना पहिली अडचण आली. बिल्ले लांब झाले आणि यादीची डावी बाजू वेडीवाकडी दिसू लागली. कारण यादीच्या सुरुवातीला त्यांनी कुठूनतरी पाहून ९९ हा आकडा लिहिला होता. हा आकडा म्हणजे ग्रंथांची संख्या असा बहुतेकांचा समज असतो. तो चूक आहे. लाटेक तो आकडा मोजत नाही, तो छापला तर किती जागा लागेल तेवढी रुंदी मापते आणि सगळ्या बिल्ल्यांसाठी तितकी जागा राखते. शिंपी कपडे बेतताना सर्वांत जाड माणसाचे माप घेईल तसेच हे. तेव्हा ९९ च्या जागी आपला सर्वांत रुंद बिल्ला, म्हणजे ‘दायमाबाद ८६’, लिहिला की काम भागते.

दुसरी हौस कंसाची. यादीत [१] ऐवजी नुसते ‘१.’ हवे होते. यादीतला बिल्ला कसा दिसावा हे लाटेकच्या पोटातली ‘बिबलेबल’ नावाची एक छोटी आज्ञा ठरवते. तिच्या नावात ॲट हे चिन्ह आहे. सहज हात लागू नये म्हणून पोटातल्या आज्ञांच्या नावात हे चिन्ह मुद्दाम घालतात. तिची व्याख्या बदलण्याआधी ‘मेकॲटलेटर’ म्हणून कुलूप उघडावे लागते आणि नंतर ‘मेकॲटअदर’ म्हणून लावावे लागते. मुलांनी व्याख्या बदलली, यादीतले कंस गेले. पण मजकुरातले तसेच राहिले! त्यांना वाटले काही चुकले. चुकले नव्हते. मजकुरातला कंस ‘साइट’ आज्ञेच्या ताब्यात आहे आणि यादीतला ‘बिबलेबल’च्या. दोन्ही वेगळे बदलावे लागतात. माझ्या मते मजकुरातला कंस राहू द्यावा. नाहीतर वाक्यातले आकडे आणि संदर्भाचे आकडे यांची गल्लत होते.

बिल्ल्यावर काय लिहावे याविषयी जगात एकमत नाही. गणितात आणि भौतिकीत आकडे चालतात. पुरातत्त्वात लेखकाचे नाव आणि साल लिहिण्याची रीत आहे : सांकलिया व इतर १९६०. जाणकाराला हा बिल्ला वाचताच यादी न उलटता ग्रंथ कळतो. मात्र येथे एक धोका आहे. साल हे ग्रंथाच्या प्रकाशनाचे असते, उत्खननाचे नव्हे. दायमाबादच्या अहवालावर १९८६ आहे म्हणून तिथले उत्खनन १९८६ साली झाले असे एका मुलाने लिहून टाकले होते. प्रत्यक्षात त्या अहवालातील काम १९७६ ते १९७९ या काळातले आहे.

चार ग्रंथ असले की बिल्ले हाताने लिहिता येतात. चाळीस असले की यंत्राने तयार केलेले बरे. बिबटेकची ‘अल्फा’ नावाची एक शैली आहे. ग्रंथाचा लेखक एकटा असेल तर ती त्याच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि सालाचे शेवटचे दोन आकडे घेते. लेखक दोन, तीन किंवा चार असतील तर प्रत्येकाचे आद्याक्षर घेते. रोमन लिपीत ही युक्ती झकास चालते. मुलांनी ती मराठीत चालवून पाहिली. साळी यांच्या अहवालाला बिल्ला मिळाला नुसता ‘स’ आणि ८६. आणि चार लेखकांच्या नेवाशाच्या ग्रंथाच्या जागी तर वाचताच येणार नाही असा कचरा आला.

असे का व्हावे? मूळ बिबटेक ज्या काळात लिहिले गेले तेव्हा एक अक्षर म्हणजे संगणकाच्या स्मरणातला एक बाइट असा हिशेब होता. आज आपण वापरतो त्या युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘साळी’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. यंत्राला तो स, काना, ळ, दीर्घ वेलांटी अशा चार चिन्हांचा, म्हणजे बारा बाइटांचा दिसतो. बिबटेकने तीन ‘अक्षरे’ म्हणून तीन बाइट घेतले आणि त्यात एकटा ‘स’ मावला. काना बाहेरच राहिला. चार लेखकांच्या बाबतीत तर त्याने प्रत्येकाचा एकेकच बाइट घेतला, म्हणजे अक्षराचा तिसरा हिस्सा. अक्षराच्या तिसऱ्या हिश्शाला काही अर्थ नसतो.

यावर उपाय आहे. मराठी मजकुरासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरावे. ते युनिकोड जाणतात आणि जोडाक्षरे नीट जुळवतात. सूचीसाठी बिबटेकऐवजी बिबलाटेक ही संहिता आणि बायबर हा तिचा जोडीदार घ्यावा. बायबर बाइट मोजत बसत नाही, चिन्हे ओळखतो. तरीसुद्धा ‘पहिली तीन अक्षरे’ हा नियमच आपल्या लिपीला नीट बसत नाही. ‘सांकलिया’ची पहिली तीन चिन्हे म्हणजे स, काना आणि अनुस्वार, म्हणजे नुसता ‘सां’. आपल्या कानाला जे अक्षर वाटते ते यंत्राच्या मोजणीत बसत नाही, ही गोष्ट मराठीत संगणकाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेली असते.

अनुक्रमाचीही तीच कथा. साने, सावंत आणि साळी ही आडनावे मराठी वर्णमालेप्रमाणे लावा. ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून साळी शेवटी. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ ची जागा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी आहे. नुसत्या संकेतांकांवर क्रम लावणारे यंत्र साने, साळी, सावंत असा क्रम लावील. आणि ज्ञानेश्वर? तक्त्यावर आपण ‘ज्ञ’ अगदी शेवटी शिकतो. यंत्राला तो ज आणि ञ यांचा जोड दिसतो, म्हणून ते त्याला ‘ज’ मध्ये बसवते. बिबलाटेकमध्ये यासाठी ‘सॉर्टकी’ नावाचा एक रकाना आहे. क्रम लावताना काय पाहायचे ते त्यात लिहावे. ते छापले जात नाही. म्हणजे पुस्तकाला किल्ली आणि बिल्ला यांच्या जोडीला रांगेतली जागा ठरवणारे हे तिसरे नावही मिळते.

आता राहिली ज्ञानेश्वरी. खरी कसोटी तिनेच घेतली. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याला ‘ज्ञानेश्वर १२९०’ असा बिल्ला देणे विचित्र दिसते, आणि मुलांच्या हातातल्या छापील प्रतीचे साल देऊन ‘ज्ञानेश्वर २०१०’ म्हणणे तर हास्यास्पदच. अशा ग्रंथांना अभ्यासक नावाचा संक्षेप वापरतात. बिबलाटेकमध्ये त्यासाठी ‘शॉर्टहँड’ हा रकाना आहे. त्यात ‘ज्ञाने.’ लिहिले की यंत्र स्वतःचा बिल्ला बाजूला ठेवून हाच वापरते. अशा सर्व संक्षेपांची वेगळी यादी लेखाच्या आरंभी छापण्याचीही सोय आहे.

पानाचा आकडा मात्र द्यायचा नाही. पाने प्रत्येक छपाईत बदलतात. अध्याय आणि ओवी टिकतात. ‘साइट’ आज्ञेत किल्लीच्या आधी चौकटी कंसात ६.१४ असे लिहिले की मजकुरात [ज्ञाने., ६.१४] येते, म्हणजे सहाव्या अध्यायातील चौदावी ओवी. प्रचलित प्रतींत मराठीच्या गोडीविषयीची ती प्रसिद्ध ओवी याच जागी आहे.

पण येथेही परीक्षक पुन्हा विचारू शकतात : कोणती ज्ञानेश्वरी? एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तेव्हाच्या प्रती पडताळून पाठ शुद्ध केला. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापून प्रसिद्ध केली. निरनिराळ्या पाठांत ओव्यांची संख्या सारखी नाही. एका पाठात एखादी ओवी अधिक असली की तिच्या पुढच्या सगळ्या ओव्यांचे क्रमांक एकेक घर सरकतात. म्हणजे आमच्या मुलांच्या यादीत एका रात्रीत जे झाले, तेच येथे शतकांच्या ओघात झाले आहे! आणि लाटेक ते दुरुस्त करू शकत नाही, कारण ओवीचा क्रमांक आपण हाताने लिहिलेला असतो. म्हणून बिल्ल्यावरच पाठाची खूण घालावी : राजवाडे प्रत असेल तर ‘ज्ञाने. (रा.)’, दुसरी असेल तर तिची खूण, आणि यादीत त्या प्रतीचा संपादक व साल पूर्ण लिहावे.

मुलांनी तसे केले. त्यांच्या अंतिम प्रतीत उत्खननांना लेखक व साल आणि ज्ञानेश्वरीला संक्षेप असे बिल्ले आहेत. तालुक्याहून जिल्ह्याला जाताना मार्गदर्शकांनी सांगितले, सगळीकडे आकडेच हवेत. पूर्वी हे ऐकून मुलांनी कपाळाला हात लावला असता. या वेळी त्यांनी वरच्या एका ओळीत शैलीचे नाव बदलले, ज्ञानेश्वरीचा ‘शॉर्टहँड’ तेवढा राहू दिला आणि तीन फेऱ्या चालवल्या. सगळे बिल्ले बदलले. एका ठिकाणी मात्र किल्लीच ठळक अक्षरांत जशीच्या तशी छापून आली. बिबलाटेक प्रश्नचिन्ह न छापता असे करते. पुन्हा चालवले, तरी ती तशीच. शोध घेतला तेव्हा कळले की, यादीत किल्ली ‘नेवासा६०’ होती आणि माळेच्या त्या वाक्यात कुणीतरी ‘नेवासे६०’ टंकले होते.